डिकीतला बास पुढच्या सीटपर्यंत का पोचत नाही?

नवरात्र महिन्याभरावर आले की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. एरवी इन्व्हर्टर, पाण्याची मोटर आणि फ्रीज यांविषयी विचारणारे बडोदेकर एकाएकी गाडीतल्या सबवूफरविषयी, म्हणजे नुसता खर्ज वाजवणाऱ्या स्पीकरविषयी, विचारू लागतात. यंदाच्या पत्रांपैकी पाच येथे घेतली आहेत. पहिल्या पत्राला जागा जास्त दिली आहे, कारण इतरांच्या निम्म्या शंका त्याच उत्तरात फिटतात.

प्रश्न : स. न. वि. वि. माझी सेडान गाडी आहे. गेल्या दिवाळीत 12 इंची सबवूफर, तयार पेटी आणि 1200 वॅट असे छापलेला अॅम्प्लिफायर डिकीत बसवून घेतला. डिकी उघडून मागे उभे राहिले की छाती हादरते, पण डिकी लावून स्टिअरिंगवर बसलो की बास कुठे गेला ते कळत नाही. त्यातही एखाद्या गाण्यात एकच ठोका भलताच घुमतो आणि बाकीचे पोकळ वाटते. दुकानदार म्हणतो, दुसरा वूफर लावा. लावावा का? पेटीची आतली जागा 55 लिटर आहे, तिला 10 सें.मी. व्यासाचा आणि 15 सें.मी. लांबीचा पाइप आहे, आणि अॅम्पवर 30 अँपिअरचा एकच फ्यूज आहे.
– एक वाचक, दांडिया बाजार

उत्तर : आपण मापे लिहून पाठवलीत म्हणून उत्तर देणे सोपे झाले. दुसरा वूफर घेऊ नये. जो आहे त्याचाच आवाज वाटेत हरवतो आहे, आणि जिथे एकाचा हरवतो तिथे दोघांचाही हरवेल.

आधी त्या 1200 वॅटचा हिशेब करू. इंजिन चालू असताना गाडीचा पुरवठा सुमारे 13.8 व्होल्ट असतो. 30 अँपिअरच्या फ्यूजमधून सतत जाऊ शकणारी शक्ती म्हणजे 13.8 गुणिले 30, अर्थात साधारण 414 वॅट. अॅम्प चांगल्या प्रतीचा, डी वर्गाचा असला तरी त्यातले 80 टक्क्यांच्या आसपासच वूफरपर्यंत जाते आणि उरलेल्याची उष्णता होते. म्हणजे आपला अॅम्प फार तर 300 ते 330 वॅटचा आहे. हे वाईट नाही. डिकीतल्या एका वूफरला 300 खरे वॅट पुष्कळ झाले. खोक्यावरचा मोठा आकडा क्षणिक झटक्याचा असतो, तेव्हा खरेदी करताना आरएमएस (सतत देता येणारी शक्ती) या शब्दापुढचा आकडाच पाहावा. शक्ती दुप्पट केली तर आवाज 3 डेसिबलने वाढतो, आणि कानाला ‘दुप्पट मोठा’ वाटण्यासाठी सुमारे 10 डेसिबल, म्हणजे दहापट शक्ती लागते. वॅटच्या मागे धावून खिसा रिकामा होतो आणि बास होता तिथेच राहतो, तो या गणितामुळे.

आता तो एकच घुमणारा ठोका. पाइप असलेली पेटी म्हणजे तोंडाशी फुंकर मारल्यावर वाजणारी बाटलीच होय. पाइपमधली हवा वजनासारखी आणि पेटीतली हवा स्प्रिंगसारखी वागते, आणि दोघी मिळून एका ठरावीक सुराला डोलतात. या घटनेला जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांचे नाव आहे. आपल्या मापांवरून हा सूर सुमारे 44 हर्ट्झ येतो. 12 इंची वूफरच्या पेटीसाठी 32 ते 35 हर्ट्झ बरा. 44 वर बांधलेली पेटी त्या आसपासचे ठोके उचलून धरते आणि त्याच्या खाली एकदम हात टेकते. त्या पट्टीखाली पडद्याला मागून हवेचा आधार उरत नाही, म्हणून तो आवाज न करता नुसताच पुढे-मागे नाचतो आणि कधीतरी फाटतोही. आपल्या 55 लिटरच्या पेटीला 32 हर्ट्झवर आणायचे तर त्याच व्यासाचा पाइप साधारण 34 ते 35 सें.मी. लांब हवा. एवढ्या लांबीला दुकानात बसून पेटी बनवणाऱ्याला जागा सापडत नाही, म्हणून पाइप कापला जातो. प्लंबिंगच्या दुकानातला 4 इंची पीव्हीसी पाइप आणि एक एल्बो आणून लांबी वाढवता येते. वळणावर लांबी पाइपच्या मधल्या रेषेवरून मोजावी आणि पाइपचे आतले टोक समोरच्या फळीपासून निदान 10 सें.मी. दूर ठेवावे. खर्च काही शेकड्यांत आटोपतो.

पण हे करण्याआधी पेटी गळते का ते पाहून घ्यावे. रात्री गाडी बंद जागेत उभी करून 40 हर्ट्झचा सूर, मोबाइलमधल्या कोणत्याही टोन जनरेटरने, मध्यम आवाजात वाजवावा आणि पेटलेली उदबत्ती पेटीच्या सांध्यांवरून, वूफरच्या कड्याभोवतून आणि मागच्या तारांच्या प्लॅस्टिक कपाभोवतून हळू फिरवावी. जिथे धुराची रेघ थरथरून तुटते तिथे भोक आहे. मी पाहिलेल्या पेट्यांत दहापैकी सात वेळा गुन्हेगार तो तारांचा कपच निघतो, कारण चार स्क्रू मारून सोडून दिलेला असतो आणि खाली पट्टी लावायचे कुणालाच आठवत नाही. एम-सील किंवा सिलिकोनची एक रेघ त्याला पुरते.

राहिला मुख्य प्रश्न, डिकी बंद केल्यावर बास जातो कुठे. सेडानची डिकी आणि बसायची जागा यांमध्ये मागच्या सीटची पाठ असते, तिच्या मागे बऱ्याच गाड्यांत पत्रा असतो आणि वर पार्सल ट्रे. बास याच भिंतीमागे कोंडला जातो आणि आपली ताकद डिकीचे झाकण, नंबरप्लेट आणि टेललॅम्पचे कव्हर थरथरवण्यात घालवतो. मागच्या सीटची पाठ दुमडत असेल तर ती पाडून किंवा मधल्या आर्मरेस्टमागची झडप उघडून तेच गाणे पुन्हा लावून पाहावे. बास लगेच पुढे आला तर निदान पक्के. मग पेटी अगदी सीटला टेकवून, वूफरचे आणि पाइपचे तोंड त्या वाटेकडे करून, आजूबाजूची फट जाड फोमने बुजवावी, म्हणजे आवाज डिकीत न फिरता पुढे जाईल. हॅचबॅकवाल्यांना हा त्रास नसतो. त्यांच्याकडे वूफरचे तोंड मागच्या दाराकडे ठेवले तरी चांगले चालते, किंबहुना बहुधा अधिक चांगले चालते.

सर्वांत शेवटी, आणि पैसे न लागणारी गोष्ट म्हणून खरे तर सर्वांत आधी, पोलॅरिटी, म्हणजे वूफरच्या तारांची अधिक-उणे दिशा, तपासावी. 80 हर्ट्झच्या आवाजाची लहर सुमारे 4.3 मीटर लांब असते, म्हणजे अर्धी लहर 2.15 मीटर. चालकापासून पुढच्या दारातला स्पीकर साधारण मीटरभर आणि डिकीतला वूफर तीन मीटरच्या आत-बाहेर. फरक दोन मीटरचा, अर्थात जवळजवळ नेमकी अर्धी लहर. दारातला पडदा हवा पुढे ढकलतो त्या क्षणी डिकीतल्या वूफरची लहर आपल्या कानाशी हवा मागे ओढत असते आणि दोघे एकमेकांचे काम पुसून टाकतात. गाडीबाहेर उभे राहिल्यास अंतरे बदलतात, म्हणून तिथे बास भरपूर ऐकू येतो. अॅम्पवर 0 आणि 180 असे लिहिलेले फेजचे बटण असेल तर ते फिरवून पाहावे. नसेल तर अॅम्प बंद करून वूफरच्या दोन तारांची अदलाबदल करावी. चालकाच्या जागी बसून, खर्ज सलग चालणारे एखादे गाणे लावून, ज्या स्थितीत बास भरीव वाटेल ती कायम ठेवावी. त्याच बैठकीत सबचा लो-पास फिल्टर (खालचेच सूर जाऊ देणारा) 80 हर्ट्झवर आणि दारांतल्या स्पीकरचा हाय-पासही (वरचेच सूर जाऊ देणारा) 80 वर आणावा, म्हणजे लहान स्पीकरवर त्यांना न झेपणारे ओझे येणार नाही आणि त्यांचाही आवाज सुधारेल.

गेनची फिरकी (स्टिरिओकडून आलेला सिग्नल अॅम्पने किती वाढवायचा ते ठरवणारी) म्हणजे आवाजाचे बटण नव्हे, हे एक वाक्य अॅम्पच्या डोक्यावरच छापायला हवे होते. सबची तार सोडवावी, बास बूस्ट शून्यावर आणावा, इंजिन चालू ठेवावे, स्टिरिओ तीन-चतुर्थांश आवाजावर ठेवून 50 हर्ट्झचा सूर लावावा, आणि मल्टीमीटर एसी व्होल्टवर ठेवून अॅम्पच्या बाहेर जाणाऱ्या टोकांवर धरावा. शक्ती गुणिले रोध, त्याचे वर्गमूळ, एवढे व्होल्ट दिसले की गेन तिथेच सोडावा. 300 वॅट आणि 4 ओहमसाठी हा आकडा 34.6 येतो, 2 ओहमसाठी 24.5. याहून पुढे नेलेला गेन अॅम्पला लहरीची डोकी छाटायला लावतो, आणि छाटलेल्या लहरीनेच वूफरची कॉइल जळते. कमी वॅटने वूफर जळतो असे बाजारात म्हणतात, त्यातला खरा भाग एवढाच आहे.

प्रश्न : हॅचबॅकसाठी 12 इंची वूफर घेतला आहे, पेटी स्वतः करणार आहे. कंपनीच्या कागदावर एफएस 28 हर्ट्झ, क्यूटीएस 0.5 आणि व्हीएएस 60 लिटर आहे. बंद पेटी करू की पाइपची? आणि प्लाय की एमडीएफ?
– अभियांत्रिकीचा विद्यार्थी, फतेगंज

उत्तर : बंद करा. पहिलीच पेटी आहे, आणि चूक झाली तरी बंद पेटी माफ करते. ऑस्ट्रेलियातील नेव्हिल थील यांनी 1961 साली आणि पुढे रिचर्ड स्मॉल यांनी 1970 च्या दशकात वूफर व पेटी यांचे गणित असे बांधून दिले की आता कागदावरचे तीन आकडे पुरतात: एफएस हा वूफरचा स्वतःचा सूर, क्यूटीएस हा त्या सुराला पडदा किती घुमतो याचा आकडा, आणि व्हीएएस म्हणजे पडद्याच्या टांगणीइतकीच लवचीक असलेल्या हवेचे घनफळ. पेटीत बसवल्यावर वूफरचा एकूण क्यू 0.707 यावा असे वाटत असेल, म्हणजे आवाज कुठे न फुगता सरळ उतरत जावा, तर पेटीचे घनफळ म्हणजे व्हीएएस भागिले (हवा असलेला क्यू भागिले क्यूटीएस, त्याचा वर्ग, वजा एक). तुमच्या आकड्यांना ते नेमके 60 लिटर येते आणि पेटीसह वूफरचा सूर 40 हर्ट्झच्या आसपास बसतो. हॅचबॅकच्या डिकीत 60 लिटर म्हणजे सामानाला रामराम. क्यू 0.9 पर्यंत जाऊ दिला तर 27 लिटरच लागतात, सूर 50 हर्ट्झवर चढतो आणि आवाजाला किंचित फुगवटा येतो, जो गरब्याच्या गाण्यांना उलट आवडतो. मी तुमच्या जागी असतो तर 35 ते 40 लिटरवर थांबलो असतो.

यात गाडी स्वतः तुमच्या बाजूने काम करते. केबिनची लांबी अर्ध्या लहरीपेक्षा कमी पडू लागली की, लहान गाडीत साधारण 60 हर्ट्झच्या खाली, वूफर लहरी पाठवण्याऐवजी सगळ्या केबिनचा दाबच वर-खाली करू लागतो आणि आवाज खाली उतरावा तसा वाढत जातो. बंद पेटीचा आवाज सप्तकाला 12 डेसिबलने उतरतो आणि केबिन जवळपास तेवढाच तो चढवते. घरात पातळ वाटणारी बंद पेटी गाडीत भरदार लागते ती म्हणून. पाइपची पेटी आपल्या सुराखाली सप्तकाला 24 डेसिबलने कोसळते, आणि तिला सबसॉनिक फिल्टरही (त्या सुराखालचे आवाज अडवणारा) लावावा लागतो.

मापे आतून धरा. बाहेरून 50 गुणिले 35 गुणिले 30 सें.मी. अशी पेटी साडेबावन्न लिटरची वाटते, 18 मि.मी. जाडीच्या फळ्या वजा केल्या की आत साडेअडतीस उरतात आणि वूफर स्वतः दोन-तीन लिटर खातो. निम्म्या घरगुती पेट्या इथेच फसतात.

बडोद्यात प्लाय घ्या. एमडीएफ जड, एकसंध आणि कापायला सोपा असतो, ध्वनीसाठी उत्तमच आहे, पण ओल त्याला मानवत नाही. 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचे पाणी ज्यांच्या पार्किंगमध्ये शिरले, त्यांच्या डिकीतून चहात पडलेल्या खारीसारख्या फुगलेल्या पेट्या निघालेल्या मी पाहिल्या आहेत. एमडीएफच वापरायचा असेल तर तळाला आणि कापलेल्या कडांना दोन हात पॉलिश किंवा रंग द्यावाच.

प्रश्न : बासच्या प्रत्येक ठोक्याला हेडलाइट मंद होतात. मेकॅनिक मोठा कपॅसिटर लावायला सांगतो. फायदा होईल का?
– एक वाचक, मांजलपूर

उत्तर : आधी तार पाहा. बॅटरीपासून डिकीपर्यंत पाच मीटर तार धरली आणि ती 8 गेजची (गेजचा आकडा लहान तितकी तार जाड) शुद्ध तांब्याची असली, तर 40 अँपिअरच्या झटक्याला तीत सुमारे 0.4 व्होल्ट पडतात. बाजारात स्वस्त किटमध्ये मिळणारी तार बहुतेक वेळा तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची असते आणि तिच्यात हीच घट दीडपटीहून अधिक होते. तारेचे टोक सोलून एक-दोन धागे ब्लेडने खरवडावेत. आतून चांदीसारखा पांढरा रंग दिसला तर ते तांबे नव्हे. 4 गेजची खरी तांब्याची तार घालावी, आणि ग्राउंडची तार तेवढ्याच जाडीची, हातभराच्या आतली, रंग पूर्ण खरवडून उघड्या पत्र्यावर बोल्टने कसलेली असावी. मी उघडलेल्या गाड्यांत ही ग्राउंड अनेकदा सीटबेल्टच्या बोल्टखाली दाबलेली सापडते. तो बोल्ट जीव वाचवण्यासाठी आहे, त्याला हात लावू नये.

बॅटरीपासून 45 सें.मी.च्या आत तारेवर फ्यूज आहे ना, तेही आजच पाहावे. अॅम्पवरचा फ्यूज अॅम्प वाचवतो. बॅटरीजवळचा फ्यूज गाडी वाचवतो, कारण पत्र्याच्या भोकात तार सोलवटली तर मधे अडवणारे दुसरे काहीच नसते. एवढे करूनही दिवे मंद होत असतील तर बॅटरी आणि अल्टरनेटर तपासून घ्या. कपॅसिटर क्षणभराचा झटका सांभाळतो, पण नवी वीज निर्माण करत नाही. रिकामा झाला की तोही त्याच अल्टरनेटरकडे हात पसरतो.

प्रश्न : शेजारच्या मुलाच्या गाडीने रात्री आमच्या खिडकीच्या काचा वाजतात. मीटर आणून मोजले तर आकडा फारसा येत नाही. कान खोटे की मीटर?
– एक गृहिणी, वाघोडिया रोड

उत्तर : दोन्ही खरे. साधे मीटर कानाच्या धर्तीवर ‘ए’ भारांकाने मोजते आणि 50 हर्ट्झचा आवाज सुमारे 30 डेसिबल कमी दाखवते. काचेला आणि भिंतीला मात्र ही सवलत माहीत नसते, आणि खर्ज भिंतीतून सहज पार होतो. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनुसार निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा 45 डेसिबलची मर्यादा आहे, पण त्या कागदापेक्षा मुलाच्या आईशी एकदा बोलणे लवकर लागू पडेल.

प्रश्न : मी नाट्यसंगीत आणि तबला ऐकणारा माणूस. मुलाने हौसेने सीटखाली छोटा सबवूफर बसवून दिला. पण डग्गा डग्ग्यासारखा लागत नाही, कुणी मागून गादी बडवल्यासारखा लागतो. वयाचा दोष समजावा काय?
– ज्येष्ठ वाचक, कारेलीबाग

उत्तर : कान आपले शाबूत आहेत. सूरसागरासमोरच्या संगीत महाविद्यालयात, ज्याची परंपरा 1886 साली मौलाबक्ष यांनी सुरू केलेल्या गायनशाळेपर्यंत जाते, तिथे पुढच्या रांगेत बसून ज्याने डग्ग्याची घसीट ऐकली आहे त्याला हे खटकणारच. डग्ग्याचा गाभा बहुतांशी 80 हर्ट्झच्या आसपास आणि त्याच्या वरती असतो. बोल ओळखू येतात ते तर आणखी बरेच वरच्या आवाजामुळे. म्हणजे आपला डग्गा मुख्यतः दारातल्या स्पीकरनेच वाजवायचा आहे, सबने त्याला खालून नुसता टेकू द्यायचा आहे. सबचा फिल्टर 120 किंवा 150 वर ठेवला गेला असावा, त्यामुळे अर्धा डग्गा पुढून आणि अर्धा सीटखालून वाजतो. तो 70 ते 80 वर आणून घ्यावा.

दुसरे काम दाराचे. दाराच्या आतल्या पत्र्याला मोठी भोके असतात आणि त्यांवर प्लॅस्टिकचा कागद चिकटवलेला असतो. काच किंवा लॉक दुरुस्त करताना तो फाडला जातो आणि पुन्हा कुणी लावत नाही. मग स्पीकरच्या मागचा आवाज त्या भोकांतून पुढे येऊन पुढच्या आवाजाला खाऊन टाकतो. दाराचे पॅनल काढून ती भोके ब्युटिलच्या चिकट शीटने झाकून घ्यावीत, आणि स्पीकरच्या कड्याखाली फोमची पट्टी घालावी. पॅनल काढणाऱ्याला क्लिपा जपून काढायला आणि खाली पाणी निघण्याची छिद्रे बुजवू नयेत असे आवर्जून सांगावे, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात दार गंजेल. नंतर एखाद्या संथ विलंबित एकतालाची ध्वनिमुद्रिका लावून सबची पातळी शून्यापासून वाढवत न्यावी आणि डग्गा डॅशबोर्डच्या मागून येत असल्याचा भास जिथवर टिकतो, तिथे थांबावे. सीटखालून आवाज येतोय असे वाटले की अर्धा काटा मागे घ्यावा.